मासा सोसत नाही, की मासा उशिरा पोचला?

मालवण तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे ते थोडक्यात असं. वय छत्तीस. गेल्या आठ महिन्यांत पाच वेळा, त्यातल्या चार वेळा मासे जेवल्यावर, चेहरा, मान आणि छातीचा वरचा भाग अचानक लाल झाला, आतून चूल पेटल्यासारखा गरम लागला. सोबत धडधड आणि डोकं ठणकणं, मग पोटात मुरडा येऊन दोन-तीन वेळा पातळ संडास. चार-सहा तासांत सगळं ओसरतं. यजमान त्याच भांड्यातलं जेवतात, त्यांना काही होत नाही. रक्त, लघवी, सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. मग साडेआठ हजारांची 'फूड ॲलर्जी'ची मोठी तपासणी केली. तिच्यात कोळंबी, गहू, वांगं, दूध, शेंगदाणे अशा एकवीस पदार्थांपुढे खुणा आल्या. ते सगळं सोडलं, सात किलो वजन उतरलं, आणि गेल्या महिन्यात पुन्हा झालंच. कुणी पित्त म्हणतं, कुणी टेन्शन, सासूबाई देवळात गाऱ्हाणं घालून आल्या. 'माका नेमका झाला काय?' असा शेवटचा प्रश्न आहे.

ताई, मी किनाऱ्यावरच्याच एका तालुक्याच्या गावात सत्तावीस वर्षं दवाखाना चालवते. तपासल्याशिवाय निदान सांगणार नाही, आणि कुणी सांगितलं तर तुम्हीही मानू नका. पण तुम्ही लिहिताना जाता जाता दोन वाक्यं टाकली आहेत, ती मला एकवीस खुणांच्या त्या कागदापेक्षा मोलाची वाटली. एक, 'आमची वाडी सड्यावर, मासेवाला सगळ्यात शेवटी आमच्याकडे येतो.' दुसरं, 'एकदा तर मासे नव्हतेच, फक्त कंबरेची गोळी घेतली होती.' या दोन वाक्यांकडे येतेच.

त्याआधी धोक्याचं सांगून टाकते. पुढच्या वेळी लालीबरोबर श्वास लागला, आवाज घोगरा झाला, घसा आवळला, जीभ किंवा ओठ सुजले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर घरगुती काही करत बसू नका. आडवं व्हा, पाय उंच ठेवा (श्वास लागत असेल तर टेकून बसा) आणि १०८ ला फोन लावा. अशा वेळी जीव वाचवतं ते ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, मोठ्या माणसाला साधारण अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. ॲलर्जीवरची नेहमीची ॲव्हिलची गोळी त्या कामाची नाही. 'आधी गोळी देऊन बघू' म्हणत अर्धा तास घालवलेले रुग्ण मी पाहिले आहेत. तुमच्या पाचही वेळांत असं काही झालेलं नाही, म्हणून निवांत बोलता येतंय.

आता मुळापासून. 'मला कशाची ॲलर्जी आहे?' असं तुम्ही विचारताय. माझ्या मते प्रश्न इथेच चुकतो. ॲलर्जी आहे हे तुम्ही आधीच धरून चालला आहात, आणि फक्त गुन्हेगार शोधायचा बाकी आहे. मला आधी हे कळायला हवं की दर वेळी त्वचेवर नेमकं काय उमटलं, आणि शेवटच्या घासानंतर किती मिनिटांनी.

त्वचेवर काय उमटलं हे कळायला आपला 'पित्त' हा शब्द आडवा येतो. छातीत जळजळलं की पित्त. डोकं दुखून उलटी झाली की पित्त. अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच, आणि वर आमसुलाचं पाणी चोळायचं. तीन वेगळ्या गोष्टी एका नावाने चालतात, आणि तिन्हींवर एकच गोळी घेतली जाते, सकाळी अनशापोटी, वर्षानुवर्षं. माझ्याकडे कुणी पित्त झालं म्हणून आलं की मी विचारते, आतलं की अंगावरचं? अंगावरचं असेल तर गांधी की नुसती लाली?

गांध म्हणजे फुगवटा. डोळे मिटून बोट फिरवलं तरी हाताला लागते, कडा दिसतात, खाज जीव खाते, एक विरते तोवर दुसरी भलतीकडे उठते. लाली सपाट असते. ती म्हणजे फुललेल्या रक्तवाहिन्या. खाज कमी, आग जास्त. आपल्या सावळ्या रंगावर लाली लाल दिसेलच असं नाही. पुष्कळ जणी 'तोंड काळवंडलं' असं सांगतात. हाताची पाठ गालाला लावून बघा, गरम लागेल. आणखी एक करा, काचेचा ग्लास त्वचेवर दाबा. साधी लाली ग्लासाखाली फिकी पडते. दाबूनही जांभळट ठिपके तसेच राहिले, विशेषतः पायांवर, आणि पोटात कळा असतील, तर ते दुखणं रक्तवाहिन्यांच्या सुजेचं असू शकतं. त्याच दिवशी दाखवायचं. तुम्ही फुगवटा म्हटलेलं नाही, खाज म्हटलेलं नाही, आग म्हटलंय. म्हणून तूर्त मी लाली धरून चालते.

आता माझी एक चूक सांगते, कारण तिच्यातूनच मी हे शिकले. पंधराएक वर्षांपूर्वी एक तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, आला होता. बांगडा खाऊन तासाभरात तोंड लाल, धडधड, जुलाब. असं तीन वेळा झालेलं. मी फार खोलात गेले नाही. मासे बंद, असं सांगून मोकळी झाले. तो खुर्चीत बसून माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, 'मगे मी खाव काय?' दोन वर्षं त्याने डाळभातावर काढली. घरात मासे शिजताना बाहेर ओटीवर जाऊन बसायचा, असं त्याच्या बायकोने नंतर सांगितलं. मग एकदा बोटीवर न राहवून त्याने जाळ्यातून काढलेला बांगडा तिथल्या तिथे टोपात टाकला आणि खाल्ला. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाल्ला, तरी काही नाही. किनाऱ्याला लागल्यावर तो थेट दवाखान्यात आला, रागावून की हसत, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. (हा प्रयोग कुणीही करू नये. खरी ॲलर्जी असती तर बोटीवरच त्याचा जीव जाऊ शकला असता.)

तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, घरी खाल्लेला बांगडा कुठून आला होता? तोही त्याचाच, त्याच बोटीवरचा. पण विकायचा मासा खणात बर्फात जायचा आणि घरच्या वाट्याचा डेकवर टोपलीत, वर ओलं गोणपाट. पहाटे पाचला धरलेला, दुपारी एकला तव्यावर. आठ तास बर्फाशिवाय. दर्यावर जाणाऱ्या माणसाच्या घरी सगळ्यात शिळा मासा, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

बांगडा, सुरमई, कुपा (ट्यूना), तारली अशा माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा मेला की कल्ल्यातले आणि आतड्यातले जिवाणू मांसात उतरतात आणि त्या हिस्टिडिनचं हिस्टामिन करतात. मासा चार अंशांच्या खाली थंड राहिला तर हे काम जवळजवळ थांबतं. आपल्या तीस अंशांच्या हवेत काही तास पुरतात. आणि हिस्टामिन म्हणजे तेच रसायन, जे खऱ्या ॲलर्जीत आपल्या शरीरातल्या पेशी सोडतात. म्हणजे लक्षणं ॲलर्जीची, पण ॲलर्जी नाही. तुमच्या शरीराने मासा नाकारलेला नाही. माशातूनच तयार हिस्टामिन पोटात गेलं आहे. साधारण दहा मिनिटांपासून तास-दीड तासात चेहरा-मान तापते, डोकं दुखतं, धडधडतं, मुरडा येतो, जुलाब होतात, क्वचित गांधीही उठतात, आणि बहुधा दिवसाच्या आत सगळं निवळतं. वैद्यकात याला स्कॉम्ब्रॉइड विषबाधा म्हणतात. बांगडा, सुरमई, कुपा यांच्या कुळाच्या शास्त्रीय नावावरून हे नाव पडलं.

यातली वाईट गोष्ट अशी की हिस्टामिन उष्णतेने मोडत नाही. जिवाणू मरतात, त्यांनी केलेलं हिस्टामिन तसंच राहतं. तळा, उकळा, फ्रीझरमध्ये टाका, फरक पडत नाही. वासानेही नेहमी कळत नाही. बायका कल्ले उचलून लाल आहेत का बघतात, बोटाने दाबतात. ते चांगलंच आहे, पण हिस्टामिन चढलेला बांगडा दिसायला ठीक असू शकतो. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकात माशातल्या हिस्टामिनची हद्द किलोमागे २०० मिलिग्रॅम आहे, ती निर्यातीच्या मालाला प्रयोगशाळेत तपासली जाते. दारावर आलेल्या मासेवाल्याकडे काय तपासणार?

एक खूण मात्र जिभेला कळते. असा मासा खाताना तोंडात मिरीसारखी चुरचुर होते, ओठांना झिणझिण्या येतात. परदेशातल्या पुस्तकांत ही खूण ठळक दिलेली असते. आपल्याकडे बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं असतात! तिरफळाने जीभ तशीही चुरचुरते, त्यामुळे ही खूण कालवणात पार बुडून जाते. म्हणून मी विचारते, तळलेल्या तुकडीला चुरचुर लागली होती का? तुम्हीही आठवून बघा.

आता तुमची सड्यावरची वाडी. मासेवाल्याचं गणित मला माहीत आहे, कारण माझ्या दारावरूनही तो जातो. पहाटे लिलावातून माल उचलला, दुचाकीच्या मागे थर्माकोलचा खोका, वर बर्फाचा चुरा. पहिल्या वाडीत साडेसातला हॉर्न वाजतो. दर घराशी झाकण उघडतं, चार बायका चार मासे उलटेपालटे करून बघतात, झाकण लागतं. बर्फ वितळून पाणी खाली साचतं आणि मासे त्यात पोहत असतात. खरं तर आपल्या हवेत माशाच्या वजनाइतका बर्फ लागतो आणि तो खाली, वर, मध्ये असा थरांनी घालायचा. चुरा वरून भुरभुरून भागत नाही. तुमच्या दारात तो साडेबाराला पोचतो. त्याचा दोष काढत नाही. पेट्रोल-बर्फाच्या खर्चात त्याला जे परवडतं ते तो करतो. पण पहिल्या वाडीतला बांगडा आणि तुमचा बांगडा एकाच खोक्यातले असले तरी एक मासा नव्हेत.

जून-जुलैत यांत्रिकी मासेमारी बंद असते तेव्हा आणखी भर. त्या दिवसांत बांगडा खायचा तर तो एक तर बाहेरून बर्फातून आलेला किंवा मेमध्ये फ्रीझरमध्ये टाकून ठेवलेला. आणि पावसात आपल्याकडे वीज कधी जाईल आणि कधी येईल, ते कुणी सांगावं? मे २०२१ मधल्या तौक्ते चक्रीवादळानंतर कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात होती. फ्रीझरमधला मासा विरघळून पुन्हा गोठला की वरून दगडासारखा दिसतो, मधल्या वेळात जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. सुका बांगडाही सुटत नाही, मीठ लावायला उशीर झाला असेल तर.

'मग यजमानांना का नाही झालं?' हा प्रश्न मला दर वेळी विचारतात, आणि तो बरोबरच आहे, कारण अशा विषबाधेत बहुधा पंगतीतल्या अनेकांना त्रास होतो. पण हिस्टामिन सगळ्या तुकड्यांत सारखं नसतं. एकाच टोपलीतल्या दोन माशांत, इतकंच काय, एकाच मोठ्या माशाच्या दोन टोकांत फरक पडतो, आणि कल्ल्या-पोटाकडच्या भागात जास्त सापडू शकतं. आता सांगा, तुमच्या घरी मधली तुकडी कुणाच्या ताटात जाते आणि डोकं कुणाच्या? माझ्या अनुभवात या प्रश्नावर बायका आधी हसतात. मग दुसरं, औषधं. आतड्यात हिस्टामिन मोडणारी विकरं असतात, काही औषधं त्यांना रोखतात. क्षयाची आयसोनियाझिड त्यात नाव घेण्यासारखी. क्षयाचे उपचार चालू असलेला माणूस त्याच ताटातल्या बांगड्याने लालबुंद होतो आणि घरचे खुशाल असतात, हे मी दोनदा पाहिलंय. मद्यानेही भर पडते, माडीसुद्धा त्यात आली.

इतकं लिहिल्यावर तुम्ही म्हणाल, म्हणजे ठरलं, मासाच. नाही ठरलं. तुमची पाचवी वेळ मला अडवते.

पाचपैकी चार वेळा बांगडा, सुरमई किंवा तारली होती. पाचव्या वेळी मासे नाहीत, फक्त कंबरेची गोळी. ही गोळी डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन जातीची असेल तर तिने एकट्याने लाली-गांधी-धडधड होऊ शकते, आणि दुसऱ्या कशाची छोटी ॲलर्जी मोठीही होऊ शकते. मग प्रश्न असा, की आधीच्या चार वेळांतही कंबर दुखत होती का? जेवणाआधी तीच गोळी घेतली होती का? रोज घेतली जाणारी गोळी बायका औषधात धरतच नाहीत. 'औषध काही चालू आहे का?' 'नाही.' 'कंबरेला?' 'ती आपली साधी.' हा संवाद माझ्याकडे आठवड्यातून एकदा तरी होतो.

आणि तिसरी शक्यता. मासा आणि गोळी या दोन निमित्तांमागे एकच कारण असू शकतं, ते म्हणजे हिस्टामिन साठवणाऱ्या मास्ट पेशीच शरीरात जास्त असणं किंवा जरा चिथावलं की फुटणं. हा आजार विरळ आहे. पण त्याच्यासाठी एक तपासणी आहे, मास्ट पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं ट्रिप्टेज, आणि तिची सगळी गंमत वेळेत आहे. त्रास सुरू झाल्यापासून शक्यतो दोन तासांत, फार तर चार तासांत एक नमुना. आणि पूर्ण बरं वाटल्यावर, किमान चोवीस तासांनी, दुसरा. पहिला आकडा दुसऱ्याच्या १.२ पट अधिक मिलिलिटरमागे २ नॅनोग्रॅम यापेक्षा वर गेला, तर मास्ट पेशी फुटल्या हे नक्की. माशातल्या हिस्टामिनने झालेल्या त्रासात ट्रिप्टेज वाढत नाही, कारण हिस्टामिन बाहेरून आलेलं असतं. म्हणजे एका तपासणीत दोन्ही वाटा बऱ्याचशा वेगळ्या होतात. तुम्ही बरं वाटल्यावर चार दिवसांनी रक्त दिलंत, सगळं नॉर्मल आलं. ते येणारच होतं. तुमच्या गावच्या लॅबवाल्याला आजच विचारून ठेवा, असा नमुना घेऊन बाहेर पाठवता येईल का. त्रास सुरू झाल्यावर चौकशी करायला वेळ नसतो.

आता ती साडेआठ हजारांची तपासणी. कागदावर 'आयजीजी' लिहिलंय की 'आयजीई' ते बघा, या रक्तातल्या प्रतिपिंडांच्या दोन वेगळ्या जाती आहेत. आयजीजी असेल तर तो कागद बाजूला ठेवा. आपण जे नेहमी खातो त्याच्या विरुद्ध आयजीजी रक्तात असतंच, ते खाण्याची खूण आहे, ॲलर्जीची नव्हे. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगितलं आहे की ॲलर्जी शोधायला ही तपासणी करू नये. आयजीई असेल तर तिला अर्थ आहे, पण अर्धा. ती सांगते की शरीराने त्या पदार्थाची दखल घेतली आहे. तो खाल्ल्यावर त्रास होईलच असं सांगत नाही. कोळंबीचंच घ्या. कोळंबीतलं ॲलर्जीचं मुख्य प्रथिन ट्रोपोमायोसिन. तशाच बनावटीचं प्रथिन धुळीतल्या बारीक किड्यांत आणि झुरळांतही असतं. आपल्या दमट हवेत, कोंदट गाद्या-गोधड्यांत या किड्यांची चैन असते, आणि पुष्कळ कोकणी माणसांना सर्दी-शिंका त्यांच्यामुळेच असतात. त्यांची कोळंबीची तपासणी पॉझिटिव्ह येऊ शकते, भले ते आयुष्यभर कोळंबीची आमटी ओरपत आले असोत. तुम्ही तपासणीआधी कोळंबी खात होतात आणि काही होत नव्हतं असं लिहिलंय. शरीराने दिलेली साक्ष कागदापेक्षा मोठी.

एकवीस पदार्थ सोडून सात किलो गेले, हे मला लालीपेक्षा जास्त खुपतं. वजन नुसतं पथ्याने उतरलं की आणखी काही आहे, हे डॉक्टरांनी पाहायला हवं. थायरॉइड, रक्तातल्या इओसिनोफिल पेशी, संडासाची तपासणी हे साधं साधं राहून गेलं असेल तर करून घ्या. जंत-हुकवर्म आपल्या बागायतीत अनवाणी फिरणाऱ्यांना आजही होतात. गव्हाच्या ग्लूटेनचा आजार, सिलिॲक, आपल्या भातखाऊ पट्ट्यात उत्तरेपेक्षा कमी दिसतो, पण त्याची तपासणी करायची तर गहू खात असतानाच करायची. चार महिने चपाती बंद असताना केली तर ती खोटी नॉर्मल येऊ शकते.

बाकीच्या शक्यता भराभर सांगते, कारण तुमच्या वर्णनात त्या बसत नाहीत, पण वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या बसतील. लालीसोबत घाम फुटून थंडी वाजत असेल आणि पाळी पुढेमागे होत असेल, तर बहुधा पाळी जाण्याची झळ. रक्तदाबाची ॲम्लोडिपिन चालू असेल तर तिनेही चेहरा तापतो. जुलाबाची मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू घेतली तर लाली-उलटी होऊ शकते. रविवारी संध्याकाळी येणाऱ्या पुरुषांना मी हे पहिलं विचारते. जेवणाशी काही संबंध नसताना, आठवड्यातून अनेकदा, कोरडी (घाम नसलेली) लाली आणि जुलाब असतील तर चोवीस तासांच्या लघवीत ५-एचआयएए तपासतात, कारण कार्सिनॉइड नावाची एक गाठ अशी वागते. सत्तावीस वर्षांत मी असा एक रुग्ण पाहिला. मटण खाऊन तीन ते सहा तासांनी, मध्यरात्री गांधी उठत असतील तर गोचीड चावल्याचं आठवा. दोडामार्गाकडे गोचीड म्हटलं की माकडतापच डोळ्यांपुढे येतो, पण काही जातींच्या गोचिडीच्या चाव्याने लाल मांसाची ॲलर्जी होते हेही आता माहीत झालं आहे. आणि काजूच्या किंवा आंब्याच्या चिकाने उठणारी लाली वेगळी. ती चीक लागलेल्या जागी, बहुतेक एक-दोन दिवसांनी येते, फोडांसकट. आंबा, काजू, बिब्बा एकाच कुळातले.

या सगळ्यात पुन्हा पुन्हा काय आलं ते पाहा: दहा मिनिटं, दोन तास, सहा तास, दोन दिवस. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांजवळ बसून कोणत्या तासाला काय होतं हे टिपत नेलं, १९८२ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि त्याच कामातून पुढे प्राझोसिन या औषधाने कोकणातल्या वाड्यावस्त्यांवर कितीक जीव वाचले. त्यांच्या हाताशी काही मोठी यंत्रं नव्हती.

तर तुम्ही काय करावं? एक शंभर पानी वही घ्या आणि आधी मागच्या पाच वेळा आठवून लिहा, यजमानांना शेजारी बसवून. कोणता मासा, मासेवाला किती वाजता आला, धुऊन किती वाजता फ्रिजमध्ये गेला, तव्यावर किती वाजता पडला, तुमच्या ताटात कोणता भाग, शेवटचा घास कधी, पहिली आग कधी. त्या दिवशी घेतलेली प्रत्येक गोळी, कंबरेची, डोक्याची, 'गॅसची', सगळ्या. पाळीचा कितवा दिवस होता, आठवत असेल तर. पुढच्या वेळी उजेडात, खिडकीशी उभं राहून फोटो काढा, चेहऱ्याचा आणि छातीचा. ॲलर्जीवरची सिट्रिझिनची दहा मिलिग्रॅमची गोळी घरात असू द्या. तुम्हाला ती चालते का, गरोदर नाही ना, हे आपल्या डॉक्टरांना एकदा विचारून. ती घेतली तर वेळ लिहा. मासा उरला असेल तर फेकू नका, पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवा, कुठे तपासता आला तर.

निकाल लागेपर्यंत बांगडा, सुरमई, तारली, कुपा बंद, आणि त्या जातीच्या वेदनाशामक गोळ्याही बंद. कंबरेला पॅरासिटामॉल चालेल, तीही जमली तर कमी. पापलेटसारख्या पांढऱ्या मांसाच्या माशात हिस्टिडिन कमी असतं, पण पूर्ण खात्री होईपर्यंत तोही घाईने नको. माशाची खरी ॲलर्जी आहे की नाही हे ॲलर्जीतज्ज्ञाकडे त्वचेवरच्या चाचणीने बघून घ्यायचं, ताजा बांगडा टोचून. आपल्याकडून त्यासाठी गोव्यात बांबोळीला किंवा कोल्हापूरला जावं लागतं, जा. चाचणीआधी आठवडाभर सिट्रिझिनसारख्या गोळ्या घ्यायच्या नसतात, नाहीतर फेरी फुकट जाते. गहू, दूध, वांगं, जे तपासणीआधी सुखाने खात होतात, ते तीन-तीन दिवसांच्या अंतराने एकेक परत आणा. गव्हाचं तेवढं सिलिॲकच्या तपासणीच्या बेताने. कोळंबी आणि शेंगदाणे मात्र डॉक्टरांशी बोलूनच.

यातून मासाच निघाला, तर पुढे फार काही सोडावं लागणार नाही. मासेवाल्याला सांगून पहिल्या वाडीत ओळखीच्या घरी उतरवून घ्यायचा, आला की कल्ले-आतडी लगेच काढून बर्फात टाकायचा. तो तांडेल आज साठीला आलाय. घरच्या वाट्याचा बांगडाही आता खणातच ठेवतो, आणि मला दर गणपतीनंतर चार आणून देतो, बर्फासकट, वर पहाटेची वेळ सांगून.

वही पुरी झाली की घेऊन या किंवा जवळच्या डॉक्टरांपुढे ठेवा. कंबरेच्या गोळीची रिकामी पट्टी तिच्यात चिकटवायला विसरू नका.